नकाशा आत घेतला की पुसट का होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इथल्या ड्रॉइंग ऑफिसांतून आणि आर्किटेक्चर-सिव्हिलच्या विद्यार्थ्यांकडून संध्याकाळी फोनवर येणारे हे प्रश्न. विचारणाऱ्याची भाषा जमेल तिथं तशीच ठेवली आहे. बहुतेकांचा समज असतो की ऑटोकॅड, रेव्हिट, स्केचअप अशा, संगणकावर नकाशे काढायच्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये कुठंतरी एक बटण आहे आणि ते आपल्याला सापडत नाही. बटणं आहेतच, पण दहातल्या सात वेळा चित्र आत येण्याआधीच बिघडलेलं असतं. म्हणून सुरुवात तिथूनच केली आहे.

१. पीडीएफ उघडली तर काचेसारखी स्वच्छ. तीच रेव्हिटमध्ये इम्पोर्ट केलो की धुरकट. असं का?

कॅडमधून निघालेल्या पीडीएफमध्ये रेषा ही रेषा म्हणूनच साठवलेली असते: इथून तिथंपर्यंत, एवढ्या जाडीची. कितीही जवळ गेलात तरी ती फाटत नाही. रेव्हिट ती पीडीएफ आत घेताना त्या पानाचा एक फोटो काढतं, म्हणजे सगळं पिक्सेलांत, रंगाच्या बारीक ठिपक्यांत, उतरवतं. तो फोटो किती बारीक काढायचा हे आत घेतानाच्या खिडकीत विचारलेलं असतं, आणि घाईत आपण तिकडं न बघता ओके दाबतो.

०.२ मिलिमीटरची रेषा घ्या. ७२ डीपीआयला (इंचाला ७२ पिक्सेल) तिच्या वाट्याला अर्ध्याहून थोडा जास्त पिक्सेल येतो, १५० ला सव्वाच्या आसपास, ३०० ला जवळजवळ अडीच. अर्धा पिक्सेल काळा रंगवता येत नाही, म्हणून तो करडा होतो. तुम्हाला दिसणारा धूर तो हाच. प्लॅन गिरवायचा असेल तर ३०० निवडा. आधीच ७२ वर आणला असेल तर ओढूनताणून सुधारत बसू नका, पुसा आणि नव्यानं आणा.

रेव्हिट २०२० पासून पीडीएफ थेट आत घेता येते. त्याआधीची आवृत्ती वापरत असाल तर पीएनजी करून आणा (प्रश्न ५).

२. फोटोशॉपमध्ये ७२ चं ३०० डीपीआय करून सेव्ह केलं. तरी फरक नाही. कसं काय?

कारण तुम्ही फक्त पाटी बदलली, माल तोच राहिला. डीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याची सूचना. खरी पुंजी म्हणजे एकूण पिक्सेल. हजार पिक्सेल रुंदीच्या चित्रावर ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा, पिक्सेल हजारच. पाटी बदलल्यानं एवढंच होतं की आत घेतल्यावर ते चित्र लहान किंवा मोठं येऊन बसतं. (आणि फोटोशॉपनं पिक्सेल वाढवून दिले असतील, तर ते शेजारच्यांची सरासरी काढून भरलेले असतात. त्यात नवी माहिती शून्य.)

हिशोब सोपा आहे: कागदावरची लांबी मिलिमीटरमध्ये, भागिले २५.४, गुणिले डीपीआय. ए४ ला ३०० डीपीआयसाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ ला ३५०८ × ४९६१, ए१ ला ७०१६ × ९९३३. मागं फिकट दाखवायचा हवाई फोटो असेल तर ए१ ला १५० डीपीआय, म्हणजे सुमारे ३५०८ × ४९६७, पुरतात. अक्षरं आणि मापं वाचायची असतील तर पुरत नाहीत. आत घेण्याआधी फाइलवर उजवं क्लिक करून पिक्सेल बघायची सवय लावा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि या पानावरचे अर्धे प्रश्न तिथंच मिटतात.

३. आलेली पीडीएफ रेषांची आहे की फोटोची, हे कसं ओळखायचं?

पीडीएफ वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि जमेल तितकी मोठी करा. रेषेची कड शेवटपर्यंत धारदार राहिली तर रेषांची. पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर कुणीतरी स्कॅन करून पीडीएफच्या पाकिटात घातलाय.

रेषांची असेल तर ऑटोकॅडवाल्यांचं नशीब चांगलं. २०१७ पासून पीडीएफइम्पोर्ट ही आज्ञा आहे, ती रेषा खऱ्या रेषा करून देते. पाकिटातल्या स्कॅनवर ती चालवलीत तर हाती चित्रच येतं. आज्ञा बिघडलेली नाही, आत रेषाच नाहीत.

४. मालकानं नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. चालेल का?

फोटो म्हणून पाठवला असेल तर नाही. साध्या पद्धतीनं गेलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए१ कागदाच्या ८४१ मिलिमीटरवर ते पसरले की इंचाला ४८ पिक्सेल उरतात. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, त्यानं बरं येतं, पण दाबलेलं चित्र ते दाबलेलंच. त्यांना सांगा, ‘साहेब, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.’ तसं पाठवलं की फाइल जशीच्या तशी येते. ज्येष्ठ मालकांना हे फोनवर समजावणं अवघड असतं. मी सरळ त्यांच्या नातवाला फोन द्यायला सांगतो.

हा नियम मी स्वतः एकदा मोडला. घाईचं काम होतं, आलेल्या फोटोवरूनच प्लॅन गिरवला आणि २३० चा कॉलम २८० वाचला. साइटवरच्या मिस्त्रीनं पट्टी लावून पकडला म्हणून निभावलं.

मोबाइलनं काढलेल्या मूळ फोटोचं काय? १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० चा असतो. ए३ कागद चौकटीत पूर्ण भरला तर २४० च्या आसपास डीपीआय मिळतात, ए१ ला १२० च. म्हणजे ए३ पर्यंत मोबाइल, त्यापुढं स्कॅनर. तरी फोटोत कडा तिरक्या येतात, त्याचं वेगळं (प्रश्न १३).

५. जेपीजी, पीएनजी की टिफ?

रेषा आणि अक्षरं असतील तर पीएनजी किंवा टिफ. झाडं, रस्ता, इमारतीचा फोटो असेल तर जेपीजी.

जेपीजी चित्राचे ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातला बारकावा कमी करून जागा वाचवतं. आकाशात ते कळत नाही, पण पांढऱ्यावरच्या काळ्या रेषेभोवती राखाडी कचरा उडालेला दिसतो. शिवाय प्रत्येक वेळी उघडून पुन्हा सेव्ह केलं की थोडं आणखी जातं. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं. आणि एकदा जेपीजी झालेलं पीएनजी केलं म्हणून कचरा पुसला जात नाही, तो जपून ठेवला जातो.

निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनसाठी एक-बिटचं टिफ (प्रत्येक पिक्सेल फक्त काळा किंवा पांढरा) मला सर्वांत आवडतं. फाइल इवलीशी, रेषा कडक, आणि ऑटोकॅडमध्ये पांढरा भाग पारदर्शकही करता येतो.

६. ऑटोकॅडमध्ये चित्र स्क्रीनवर खरखरीत दिसतं, प्रिंट मात्र चांगली येते.

इमेजक्वालिटी ही आज्ञा द्या आणि ड्राफ्टऐवजी हाय निवडा. ही सेटिंग फक्त पडद्यापुरती आहे. प्लॉट, म्हणजे छपाई, कायम हाय दर्जानंच होतो. म्हणून संगणक कुंथत असेल तर काम करताना मुद्दाम ड्राफ्टवर ठेवलंत तरी बिघडत नाही.

७. माझं उलटं आहे. स्क्रीनवर झकास, पीडीएफ काढली की पुसट.

मग दोष बाहेर पडतानाचा. ऑटोकॅडमध्ये प्लॉटच्या खिडकीत पीडीएफ ऑप्शन्सचं बटण आहे. तिथं रेषांचा दर्जा वेगळा आणि रास्टर, म्हणजे पिक्सेलांच्या, चित्राचा दर्जा वेगळा असतो. दुसरा आकडा वाढवा. रेव्हिटमध्ये प्रिंट किंवा पीडीएफच्या सेटिंगमध्ये रास्टर क्वालिटी असते: लो, मीडियम, हाय, प्रेझेंटेशन. शेवटच्या शीटसाठी हाय किंवा प्रेझेंटेशन ठेवा. स्केचअपच्या लेआउटमध्येही कागदाच्या सेटिंगमध्ये पडद्याचा दर्जा निराळा आणि आउटपुटचा निराळा. लोक पहिला वाढवतात आणि दुसरा विसरतात.

हे सगळं नीट असूनही दुकानातून पुसट येत असेल तर तुमची पीडीएफ मेलवर जाताना कुणी ‘साइज कमी’ करणाऱ्या संकेतस्थळावरून काढली का ते विचारा. बरेचदा आपल्याच ऑफिसातल्या नव्या पोरानं काढलेली असते.

८. रेव्हिटच्या शीटवर नुसतं चित्र नाही, आमच्या भिंतीच्या रेषाही धुरकट यायला लागल्या!

त्या व्ह्यूमध्ये सावल्या, शेडिंग किंवा रिअलिस्टिक चालू आहे का बघा. अशा गोष्टी रेषांच्या रूपात छापता येत नाहीत, म्हणून रेव्हिट तो सगळा व्ह्यूच पिक्सेलांत उतरवतं, आणि गव्हाबरोबर किडे रगडले जावेत तशा तुमच्या भिंतीही त्यात सापडतात. सावल्या बंद करून हिडन लाइनवर (नुसत्या रेषांच्या दिसण्यावर) या, रेषा परत धारदार होतील. सावल्या हव्याच असतील तर रास्टर क्वालिटी वाढवणं हाच मार्ग (प्रश्न ७).

९. फाइल कोल्हापूरच्या पार्टीला पाठवली. त्यांना चित्राच्या जागी रिकामी चौकट आणि नाव दिसतं.

ऑटोकॅड चित्र पोटात घेत नाही, फक्त पत्ता लिहून ठेवतं. ईट्रान्समिट ही आज्ञा वापरा, सगळं एका गठ्ठ्यात जातं.

१०. खानापूरकडच्या एका गावाचा जुना नकाशा मिळालाय. पिवळा, दमट, घड्या पडलेला. स्कॅन कसा करू?

आधी सुकू द्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटातून काढलेला कागद लगेच रोलर स्कॅनरमध्ये घातला तर तो ताणला जातो, नाहीतर घडीवर फाटतो. दोन दिवस दोन कोऱ्या कागदांत सपाट दाबून ठेवा. नाजूक असेल तर रोलरमध्ये घालूच नका, सपाट काचेवर तुकड्या-तुकड्यानं करा.

स्कॅन रंगीत करा, ४०० डीपीआयला, नकाशा काळा-पांढरा दिसत असला तरी. कारण पुढं येतं. रंगीत चित्रात लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. पिवळा पडलेला कागद लाल थरात जवळजवळ पांढरा दिसतो, आणि अमोनिया प्रिंटच्या (जुन्या पद्धतीनं काढलेल्या नकाशा-प्रतीच्या) निळ्या रेषा त्याच थरात सर्वांत काळ्या. म्हणजे नुसता लाल थर उचलला की डाग जातात आणि रेषा उठतात. पण सावध! मोजणीवाल्यानं हिश्शाची रेघ लाल शाईनं मारली असेल तर ती या थरात गायब होते. तेव्हा हिरवा थर बघा, आणि मूळ रंगीत फाइल कधीही पुसू नका.

काळा-पांढरा करताना उंबरठा (किती गडद असलं की काळं धरायचं ती सीमा) घाईनं ठरवू नका. मोबाइलची स्कॅन अ‍ॅपं हे आपोआप करतात आणि तुटक रेषा, ठिपके, फिकट आकडे खाऊन टाकतात. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं काही जुन्या कागदांवर मोडीतली बारीक टिपणं असतात. त्यांचं एखादं वळण गेलं की वाचणाऱ्यालाही अर्थ लागत नाही.

तिरका आला असेल तर एकदाच, अचूक कोनात फिरवा. चित्र-सॉफ्टवेअरमध्ये पाच वेळा थोडं-थोडं फिरवलं की पाच वेळा पिक्सेल नव्यानं मिसळले जातात. त्याहून बरं म्हणजे फाइल तशीच ठेवून कॅडमध्ये फिरवा. तिथं मूळ पिक्सेलांना हात लागत नाही.

शेवटी माप. जुना कागद उभा-आडवा सारखा आटत नाही. एकाच दिशेचं अंतर धरून स्केल केलंत तर दुसरी दिशा चुकलेली असू शकते, म्हणून दोन्हीकडं तपासा.

११. मग ६०० ला स्कॅन केलो तर हद्द अचूक मिळेल की?

नाही. हा गैरसमज महागात पडतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बऱ्याच जुन्या गावनकाशांचं प्रमाण १ इंचाला १० साखळ्या असतं. साखळी ६६ फुटांची, म्हणजे १ इंचाला ६६० फूट, म्हणजेच १:७९२०. अशा नकाशावर पाव मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळजवळ दोन मीटर रुंद होते! ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर, ६०० ला ३४. पिक्सेल बारीक केल्यानं रेघेची कड छान दिसेल, पण ज्यानं शंभर वर्षांपूर्वी बोरूनं ती ओढली त्याच्या हाताची जाडी तेवढीच राहणार.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. त्यात दोन मीटर इकडंतिकडं झाले तर पाचवा हिस्सा गेला. म्हणून चित्रावरून फक्त आकार आणि शेजार घ्या. मापं टिपणावरून (मोजणीच्या वेळी लिहिलेल्या मापांच्या कागदावरून), क्षेत्र उताऱ्यावरून आणि हद्द मोजणीवरून. चित्र लख्ख दिसायला लागलं की माणसाचा त्यावर विश्वास उगीच वाढतो, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय.

१२. एआयनं चित्र मोठं आणि स्वच्छ करून मिळतं. नकाशाला वापरू?

इमारतीच्या मागच्या आकाशाला, झाडांना खुशाल वापरा. नकाशाला नको. ते यंत्र हरवलेला बारकावा शोधत नाही, शोभेल असा नवा काढतं. पुसट १ चा ठसठशीत ९ होतो, तुटक हद्द सलग होते, आणि आपल्याकडच्या नकाशांवर मराठी, कन्नड, इंग्रजी असे तीन प्रकारचे आकडे शेजारी-शेजारी असले की त्याचा गोंधळ आणखी वाढतो. पुसट आकडा निदान शंका तरी देतो.

१३. कॉलेजच्या डॉक्युमेंटेशनसाठी कमल बस्तीचे फोटो काढले. गिरवायला घेतले तर कडा मऊ आणि तिरक्या.

बेळगावच्या किल्ल्यातली ही बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ ची. तिच्या छतातल्या ज्या कमळावरून तिला नाव पडलं, तेच सगळ्यांना गिरवायचं असतं, आणि नेमकं तिथंच उजेड कमी. हात हलून आलेली अस्पष्टता कुठल्याच सेटिंगनं जात नाही. मोबाइल जमिनीवर उताणा ठेवा, टायमर लावा. बरोबर मध्याखाली ठेवलात तर तिरपेपणाही राहत नाही.

बाहेरच्या भिंतींसाठी लांब जा आणि झूम करा. जवळून रुंद भिंगानं काढलेला फोटो सरळ करताना वरचा भाग ताणला जातो, आणि ताणलेल्या भागात पिक्सेल विरळ होतात. म्हणून खाली धारदार, शिखराकडं मऊ. उंच भागाचा वेगळा फोटो घेऊन जोडणं जास्त बरं. आणखी एक: रेव्हिटमध्ये आत घेतलेलं चित्र त्रिमितीच्या व्ह्यूमध्ये दिसत नाही. ते प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, शीट यांतच ठेवता येतं.

१४. स्केचअपमध्ये मंगळुरी कौलांचा फोटो छपरावर टाकला तर नुसता लाल चिखल दिसतो.

जुन्या आवृत्त्यांत मोठं चित्र १०२४ पिक्सेलांपर्यंत आकसून दाखवलं जातं. प्रेफरन्सेसमध्ये ओपनजीएलच्या (नव्या आवृत्त्यांत ग्राफिक्सच्या) पानावर ‘यूज मॅक्सिमम टेक्श्चर साइझ’वर टिक करा.

पण कौलांना त्याची गरजच पडू नये. दहा मीटर छपरावर १०२४ पिक्सेल पसरले तर एक पिक्सेल जवळजवळ एक सेंटिमीटरचा होतो. त्याऐवजी दोन मीटरचा तुकडा नीट कापून तोच पुन्हापुन्हा लावला तर पिक्सेल दोन मिलिमीटरवर येतो. चिऱ्याच्या भिंतीलाही हेच. फक्त तुकड्यात एखादं फुटकं कौल ठेवू नका, ते छपरावर पाच ठिकाणी ओळीनं दिसतं.

१५. टायटल ब्लॉकमध्ये कन्नड आणि मराठी दोन्ही लागतं. फॉन्ट फुटतो म्हणून स्क्रीनशॉट लावतो, तो पुसट येतो.

हा खास आपल्या सीमाभागातला प्रश्न! नुडी किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर फुटतं, म्हणून लोक चित्राचा आसरा घेतात. स्क्रीनशॉटमध्ये एका शब्दाला मिळून पन्नास-साठ पिक्सेल असतात, तो छापल्यावर काय टिकणार?

त्याऐवजी मजकूर इंकस्केपमध्ये (रेषांची चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) युनिकोड फॉन्टनं लिहा, जोडाक्षरं नीट बसलीत का बघा, मग अक्षरांचे पाथ (बाह्यरेषा) करा आणि डीएक्सएफ (कॅडला वाचता येणारी फाइल) म्हणून काढून ऑटोकॅडमध्ये ब्लॉक करून ठेवा. आता ती अक्षरं राहिली नाहीत, रेषा झाल्या. फॉन्ट असो-नसो, फुटणार नाहीत आणि पुसट होणार नाहीत. तोटा एकच, मजकूर बदलायचा तर इंकस्केपमध्ये परत जावं लागतं. म्हणून न बदलणारा भाग तेवढाच असा करा. मालकाचं नाव आणि सर्व्हे नंबर नको.

१६. प्लॉट मोनोक्रोम ठेवलाय तरी मागचा नकाशा रंगीत छापतो.

प्लॉट स्टाइल रेषांना लागू होते, रास्टर चित्राला नाही. चित्र आधीच करडं करून आणा.

१७. फाइल चारच एमबीची, पण लावल्यापासून संगणक रडतो.

चार एमबी ही दाबलेली फाइल. उघडल्यावर ती पूर्ण फुलते. ए१ रंगीत ६०० डीपीआयचं चित्र म्हणजे सुमारे २८ कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे ८३६ एमबी मेमरी. तेच ३०० ला २०९ एमबी. तेच ६०० चं एक-बिट काळं-पांढरं केलं तर ३५. रंग नको असेल तर रंग सोडा, पिक्सेल सोडू नका. आणि सबंध गावाचा नकाशा कशाला? आपला गट आणि भोवतालचे चार ठेवून बाकी आधीच कातरा. रेव्हिटमध्ये आत आल्यावर कातरायची सोय नाही.

१८. क्यूजीआयएसमध्ये नकाशा जागेवर बसवून काढला, तर रेषा मूळपेक्षा मऊ झाल्या.

क्यूजीआयएस हे नकाशे जमिनीवरच्या खऱ्या जागेवर बसवायचं सॉफ्टवेअर. नकाशा वाकवून बसवताना प्रत्येक पिक्सेल नव्यानं मोजला जातो. त्यातल्या जिओरेफरन्सरमध्ये (बसवायच्या साधनात) रीसॅम्पलिंगचा, म्हणजे पिक्सेल नव्यानं मोजायच्या पद्धतीचा, पर्याय असतो. क्युबिक निवडलं तर शेजारच्यांची मिसळ होऊन मऊपणा येतो, निअरेस्ट नेबर निवडलं तर रेषा कडक राहते, थोडी करवतीसारखी दिसली तरी. रेषांच्या नकाशाला निअरेस्ट, हवाई फोटोला क्युबिक. बेळगावसाठी यूटीएमचा (जगाचे पट्टे पाडून जागा मोजायच्या पद्धतीचा) ४३ उत्तर हा विभाग घ्या. बसवण्यासाठी मूळ रंगीत स्कॅनच वापरा, एक-बिट केलेला नको. उंबरठा लावायचं काम सर्वांत शेवटी. आणि काढलेल्या चित्राबरोबरची छोटी वर्ल्ड फाइल (चित्र जमिनीवर कुठं बसतं ते सांगणारी) साधं ऑटोकॅड वाचत नाही, त्यामुळं तिथं दोन ओळखीचे बिंदू धरून अलाइन करावं लागतं. ओळखीचा बिंदू म्हणून झाड धरू नका. विहीर, देऊळ किंवा तिठा धरा.